चाचणीआधीची मांडामांड

सहकारी पतसंस्थांचे व्यवहार सांभाळणाऱ्या एका संगणक प्रणालीच्या स्वयंचलित चाचण्या लिहिणे आणि जपणे हे गेली काही वर्षे माझे काम आहे. प्रणाली पायथन भाषेत, जँगो या फ्रेमवर्कवर (वेब प्रणालींच्या तयार सांगाड्यावर) बांधलेली आहे आणि चाचण्या, म्हणजे प्रणालीचे कोड बरोबर चालते का हे तपासणारे छोटे कोड, पायटेस्ट या साधनावर चालतात. या कामातला बहुतेक वेळ निकाल तपासण्यात जात नाही; निकाल तपासता यावा म्हणून आधी जे उभे करावे लागते त्यातच तो जातो. कर्जमंजुरीचा एखादा साधा नियम तपासायचा म्हटले, तरी आधी संस्था हवी, शाखा हवी, चालू आर्थिक वर्ष हवे, भाग (शेअर) घेतलेला सभासद हवा, त्याचे बचत खाते हवे, कर्जयोजना हवी, व्याजदर हवा आणि जामीनदारही हवा. आणि जामीनदार म्हणजे पुन्हा भाग आणि खाते असलेला आणखी एक सभासद. ही मांडामांड करून देणारी जी फंक्शने (नाव देऊन हवे तेव्हा बोलावता येणारे कोडचे तुकडे) आपण लिहितो, त्यांना मी येथे साहाय्यक फंक्शने म्हणतो. ती कशी लिहावीत याविषयीची माझी मते एका चुकीनंतर बदलली, म्हणून त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

जामीनदार स्वतः थकबाकीदार असेल तर कर्जमागणी अर्ज नामंजूर झाला पाहिजे, असा नियम प्रणालीत होता आणि त्याची चाचणीही होती. मूळ चाचणी चाळीसेक ओळींची होती. शेवटच्या दोन ओळी सोडल्या, तर बाकी सगळी तयारीच होती आणि तशीच तयारी शेजारच्या डझनभर चाचण्यांमध्ये जशीच्या तशी उतरवलेली होती. मी ती सगळी एका फंक्शनमध्ये हलवली आणि त्याला ‘कर्जाची सर्व तयारी’ अशा अर्थाचे नाव दिले. (पायथन ३ मध्ये फंक्शनांची नावे देवनागरीतही देता येतात. आमच्या कोडमध्ये ती इंग्रजीत आहेत, पण या लेखात मी ती मराठीत लिहितो.) चाचणी तीन ओळींची झाली: सर्व तयारी करा, अर्ज तपासा, तो नामंजूर झाला आहे याची खात्री करा. ज्यांनी तो बदल पाहिला त्या सर्वांना तो आवडला आणि मलाही आपण घर झाडून स्वच्छ केल्यासारखे वाटले.

पुढे काही महिन्यांनी नियमांच्या कोडची फेरमांडणी करताना थकबाकीदार जामीनदाराची अट अनवधानाने गळली. एकही चाचणी नापास झाली नाही. चूक उघडकीस आली ती एका शाखेतल्या कर्ज विभागाच्या कर्मचाऱ्याने मंजूर अर्जांची यादी हाताने पडताळली तेव्हा. आम्ही शोध घेतला, तेव्हा दिसले ते असे: मधल्या काळात दुसऱ्या एका चाचणीला भाग न घेतलेला जामीनदार हवा होता, म्हणून त्याच ‘सर्व तयारी’मध्ये जामीनदाराच्या भागांची संख्या शून्य करण्यात आली होती. अर्ज नामंजूर होतच होता, परंतु जामीनदाराकडे किमान भाग नाहीत या वेगळ्याच कारणाने. अर्ज मंजूर होतो हे पाहणारी चाचणी दुसऱ्या फाइलमध्ये आणि निराळ्या तयारीवर चालत होती, त्यामुळे तिलाही या बदलाची झळ लागली नाही. ज्या चाचणीवर आम्ही विसंबून होतो, ती कित्येक आठवडे दुसऱ्याच गोष्टीची साक्ष देत होती.

चाचणीने ‘नामंजूर’ एवढेच न पाहता नामंजुरीचे कारणही पाहायला हवे होते, हे खरे आहे आणि ती दुरुस्ती आम्ही त्याच दिवशी केली. पण दोष तेवढाच नव्हता. ती तीन ओळींची चाचणी वाचून कोणालाही कळले नसते की हा अर्ज कशामुळे नामंजूर व्हायला हवा. थकबाकीचा उल्लेख चाचणीच्या नावात होता आणि साहाय्यक फंक्शनच्या पोटात होता. मधल्या तीन ओळींत, म्हणजे जिथे वाचणाऱ्याची नजर असते तिथे, तो कुठेच नव्हता. तेव्हापासून साहाय्यक फंक्शन लिहिताना मी एकच कसोटी लावतो: चाचणीचा निकाल ज्या गोष्टीमुळे ठरतो, ती गोष्ट चाचणीच्या अंगातच लिहिलेली दिसली पाहिजे आणि जिच्यामुळे निकालात काहीही फरक पडत नाही, ती साहाय्यक फंक्शनने स्वतःकडे ठेवली पाहिजे. पुढे जे काही लिहितो आहे, ते या एका कसोटीचेच निरनिराळ्या ठिकाणचे परिणाम आहेत.

‘सर्व तयारी’ लिहिण्याचा मोह आपल्याला का होतो, याला थोडा इतिहास आहे. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी एसयुनिट हे चाचणी-साधन लिहिले आणि १९९७ मध्ये एरिख गामा यांच्यासह झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानप्रवासात जावा भाषेसाठीच्या जेयुनिटची सुरुवात केली. त्या घराण्यातल्या बहुतेक साधनांमध्ये प्रत्येक चाचणीच्या आधी आपोआप चालणारी ‘सेटअप’ आणि नंतर चालणारी ‘टीअरडाउन’ अशी दोन ठरलेली ठिकाणे असतात. एका चाचणीचे उरलेले दुसरीला लागू नये, म्हणून जेयुनिट प्रत्येक चाचणीपद्धतीसाठी ती ज्या वर्गात (क्लासमध्ये) लिहिली आहे त्याचा नवा ऑब्जेक्ट (स्वतंत्र नमुना) बनवते, इतका त्यात काटेकोरपणा आहे. परंतु ठरलेली एक जागा मिळाली की सगळे सामान तिथेच साठू लागते. वर्गात वीस चाचण्या असतील, तर सेटअपमध्ये वीस जणींच्या गरजांची बेरीज होते आणि त्यातली नेमकी कोणती वस्तू कोणत्या चाचणीसाठी आहे, हे काही दिवसांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. डॉटनेटच्या जगात पूर्वी एनयुनिट या चाचणी-साधनावर काम केलेल्या जेम्स न्यूकर्क यांनी ब्रॅड विल्सन यांच्याबरोबर एक्सयुनिट डॉटनेट रचले, तेव्हा सेटअप आणि टीअरडाउनसाठीच्या खास खुणा त्यातून वगळल्या आणि ते काम ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या वर्गाच्या नेहमीच्या कन्स्ट्रक्टरवर आणि शेवटी चालणाऱ्या डिस्पोझवर सोपवले. पायटेस्टने निराळी वाट धरली. तिथे चाचणी आपल्याला काय हवे ते पॅरामीटरच्या (फंक्शनला द्यायच्या मूल्याच्या) नावाने मागते आणि त्या नावाचे फिक्स्चर (तयारी करून देणारे फंक्शन) पायटेस्ट शोधून आणून देते. मागितले तेवढेच मिळते, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. अर्थात आम्ही तिथेही ‘सर्व तयारी’ नावाचे एकच फिक्स्चर मागून तो लाभ घालवला होता.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो, तो म्हणजे डीफॉल्ट मूल्यांचा. ‘सभासद तयार करा’ हे फंक्शन काहीही न सांगता बोलावले, तर ते कसा सभासद देईल? माझे उत्तर असे की तो सर्व नियमांत बसणारा, कोणत्याही बाबतीत अडवता न येणारा सभासद असावा. तो सज्ञान असावा, त्याचे केवायसी पूर्ण असावे, त्याच्याकडे किमान भाग असावेत, खाते चालू असावे, थकबाकी नसावी. त्याचप्रमाणे ‘कर्ज अर्ज तयार करा’ हे फंक्शन काहीही न सांगता बोलावले, तर मंजूर होणारा अर्जच त्यातून निघावा. एकदा हे पक्के केले की नामंजुरीच्या प्रत्येक चाचणीत त्या निर्दोष अर्जाला एकच दोष लावायचा आणि तो दोष चाचणीच्या अंगात स्पष्ट लिहायचा. आमची ती जुनी चाचणी आता साधारण अशी दिसते:

जामीनदार = सभासद_तयार_करा()
हप्ते_थकवा(जामीनदार, संख्या=३)
अर्ज = कर्ज_अर्ज_तयार_करा(जामीनदार=जामीनदार)
निकाल = अर्ज_तपासा(अर्ज)

यानंतर निकाल ‘नामंजूर’ आहे आणि कारण ‘जामीनदार थकबाकीदार’ आहे, अशा दोन अपेक्षा येतात. ओळी तीनच्या सहा झाल्या, परंतु अर्ज का नामंजूर व्हावा हे सांगायला आता कोणाची गरज नाही.

याच्या शेजारीच, त्याच फाइलमध्ये, तिची जोडीदार चाचणी असते. तिच्यात हप्ते थकवण्याची दुसरी ओळ नाही, बाकी सर्व तेच आहे आणि अपेक्षा मंजुरीची आहे. ही जोडी मी अतिशय आग्रहाने ठेवतो. शेतात नवे खत घालून पाहणारा शेतकरी दोन वाफे नुसते खत न घालता राखतो, तसेच हे आहे. उद्या कोणी साहाय्यक फंक्शनमधल्या जामीनदाराचे भाग शून्य केले, तर जोडीदार चाचणी त्याच क्षणी नापास होईल आणि निर्दोष अर्ज निर्दोष राहिला नाही, हे सांगेल. आमच्या जुन्या चुकीत हाच पहारा नव्हता. प्रत्येक नियमासाठी वेगळी जोडीदार चाचणी लागतेच असे नाही. एका साहाय्यक फंक्शनच्या डीफॉल्ट अर्जासाठी मंजुरीची एक चाचणी असली, तरी तिच्या आधाराने नामंजुरीच्या अनेक चाचण्या उभ्या राहू शकतात. पण ती एक चाचणी त्याच फंक्शनवर उभी असली पाहिजे. दुसऱ्या तयारीवरची मंजुरी काही सिद्ध करत नाही.

डीफॉल्ट मूल्यांचा दुसरा धोका उलट दिशेने येतो. व्याजाच्या एका चाचणीत अपेक्षित रक्कम १,२०० रुपये लिहिलेली होती आणि ती कुठून आली हे चाचणीत कुठेही नव्हते. साहाय्यक फंक्शन उघडल्यावर कळायचे की डीफॉल्ट मुद्दल १०,००० रुपये, दर १२ टक्के आणि मुदत १ वर्ष आहे. पुढे योजनेचा डीफॉल्ट दर बदलताच अशा कितीतरी चाचण्या एकदम नापास झाल्या, वास्तविक प्रणालीत काहीच बिघडलेले नव्हते. म्हणून ज्या आकड्यावर अपेक्षा अवलंबून आहे, तो आकडा डीफॉल्टशी जुळत असला तरी चाचणीत पुन्हा लिहावा, असा नियम आम्ही केला. मुद्दल १०,०००, दर १२, मुदत १२ महिने असे तिथेच लिहिले की १,२०० हा आकडा वाचणाऱ्याला तोंडी पडताळता येतो. ही पुनरुक्ती आहे, हे मला मान्य आहे. चाचणीत ती मला खपते. नियमांच्या कोडमध्ये मात्र मी ती खपवून घेत नाही.

पॅरामीटरविषयी थोडक्यात. साहाय्यक फंक्शनला ‘खरे, खोटे, खरे’ अशी मूल्ये ओळीने द्यायची सवय लागली, की चाचणी वाचताना प्रत्येक वेळी फंक्शनची व्याख्या उघडावी लागते. पायथनमध्ये व्याख्येत एक तारांकन टाकून त्यापुढचे सर्व पॅरामीटर नावानिशीच द्यायला भाग पाडता येते आणि आम्ही ते सर्व साहाय्यक फंक्शनांत करतो. पॅरामीटरांची संख्या सात-आठच्या वर गेली, की मी ते फंक्शन फोडण्याचा विचार करतो. वर ‘हप्ते थकवा’ हे वेगळे फंक्शन आहे, ते यामुळेच. पूर्वी तो ‘सभासद तयार करा’चा एक पॅरामीटर होता, आणि एका सभासदाला जन्माला घालतानाच त्याचे कर्ज, त्याचे वाटप, त्याचे हप्ते आणि त्याची थकबाकी असे सगळे आयुष्य त्या एका ओळीत कोंबले जात होते.

हप्ते थकवायचे म्हणजे नेमके काय करायचे, यावर आमच्या गटात बरीच चर्चा झाली. एक मत असे होते की डेटाबेसच्या तक्त्यांत हव्या त्या ओळी थेट घालाव्यात. काम झटपट होते आणि दुसऱ्या कुठल्या कोडवर अवलंबून राहावे लागत नाही. माझे मत वेगळे होते आणि आजही आहे. थेट ओळी घातल्या, की प्रणाली स्वतः कधीही निर्माण करणार नाही अशी स्थिती सहज तयार होते: हप्ते थकलेले आहेत पण कर्जाचे वाटपच झालेले नाही, किंवा खात्यातली शिल्लक आणि नोंदींची बेरीज जुळत नाही. अशा अशक्य स्थितीवर चाललेली चाचणी पास झाली काय आणि नापास झाली काय, तिच्यावरून प्रणालीविषयी काहीच म्हणता येत नाही. म्हणून आमची साहाय्यक फंक्शने प्रणालीच्याच व्यवहार-फंक्शनांना बोलावतात: कर्ज मंजूर करा, वाटप करा, तारीख पुढे न्या. याची किंमतही आहे. वाटपाच्या कोडमध्ये बिघाड झाला, तर वाटपाशी संबंध नसलेल्या चाचण्याही एकदम कोसळतात. ती किंमत मी पत्करतो, कारण त्या वेळी खरोखरच बिघाड झालेला असतो. मात्र हीच गोष्ट ब्राउझरच्या पातळीवर मी मान्य करत नाही. प्रत्येक चाचणीच्या आधी लॉगिनचे पान उघडून नाव आणि पासवर्ड टंकित करणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या प्लेराइट या साधनात लॉगिननंतरच्या कुकी आणि ब्राउझरमधली साठवण एकदा फाइलमध्ये जतन करून प्रत्येक चाचणीला ती आयती देता येते. लॉगिनचे पान तपासणारी चाचणी वेगळी असावी आणि तेवढ्याच चाचणीने ते पान उघडावे.

तारखांनी आम्हाला जितका त्रास दिला तितका दुसऱ्या कशानेही दिला नसेल. ‘हप्ते थकवा’च्या पहिल्या आवृत्तीत आजच्या तारखेतून ९० दिवस वजा केले जात होते. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते. त्यामुळे १ एप्रिलपासून २९ जूनपर्यंत ती वजाबाकी मागच्या आर्थिक वर्षात जाऊन पडायची आणि उरलेल्या नऊ महिन्यांत चालू वर्षातच राहायची. वर्ष बंद करण्याचे आणि व्याज पुढे ओढण्याचे नियम त्यात मिसळले, की एप्रिल उजाडताच चाचण्या नापास होऊ लागायच्या आणि जुलैमध्ये आपोआप बऱ्या व्हायच्या. आणखी एक साहाय्यक फंक्शन मुदत ठेवीची परिपक्वता तारीख काढण्यासाठी आजच्या तारखेतले फक्त वर्ष एकाने वाढवत असे. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्या फंक्शनने चूक फेकली, म्हणजे ते एरर देऊन थांबले, कारण २०२५ मध्ये २९ फेब्रुवारी नाही आणि पायथनचे तारखेतला भाग बदलणारे फंक्शन अशा वेळी अंदाजाने २८ तारीख न देता सरळ व्हॅल्यूएरर देते. त्या दिवशी ठेवींच्या जवळजवळ सर्व चाचण्या लाल (नापास) होत्या. तेव्हापासून आमच्या एकाही साहाय्यक फंक्शनला घड्याळाकडे पाहण्याची मुभा नाही. ‘आज’ हा पॅरामीटर असतो आणि त्याचे डीफॉल्ट मूल्य वर्षाच्या मध्यावरची एक ठरलेली तारीख असते. वर्षअखेर, लीप वर्ष, महिन्याची ३१ तारीख यांच्या चाचण्या आम्ही मुद्दाम लिहिल्या आणि त्यांच्यात ती तारीख चाचणीच्या अंगात स्पष्ट दिली.

अनियमित मूल्यांबाबतही मी असाच कडक झालो आहे. पॅन क्रमांक, मोबाइल क्रमांक, सभासद क्रमांक हे एकमेकांहून वेगळे असावे लागतात, म्हणून कोणीतरी ते यादृच्छिक बनवणारे फंक्शन लिहितो. मग कधीतरी दोन मूल्ये नेमकी सारखी येतात आणि चाचणी नापास होते, आणि पुन्हा चालवली की पास होते. याला उत्तर साधे आहे: एक गणक ठेवावा आणि पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर या पॅनच्या साच्यात तो आकडा बसवावा. मात्र गणकातून मिळालेल्या मूल्यावर अपेक्षा ठेवू नये. आमच्या एका चाचणीत पहिल्या सभासदाचा क्रमांक १ असेल असे गृहीत धरलेले होते. ती एकटी चालवली की पास व्हायची आणि इतरांबरोबर चालवली की नापास व्हायची. कारण डेटाबेसमध्ये होते: आमच्या पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेसमध्ये ट्रॅन्झॅक्शन (एकत्र धरलेल्या बदलांचा गट) रोलबॅक केले, म्हणजे मागे घेतले, तरी क्रमांक देणारा सीक्वेन्स मागे येत नाही. प्रत्येक चाचणीनंतर सभासद पुसला जात होता, त्याचा क्रमांक मात्र खर्च झालेलाच राहत होता.

हा मुद्दा मला सामायिक तयारीकडे आणतो. पायटेस्टमध्ये फिक्स्चरची व्याप्ती, म्हणजे एकदा उभे केलेले किती चाचण्यांपर्यंत वापरायचे ते, पाच प्रकारची असते: फंक्शन (एकच चाचणी), क्लास, मॉड्यूल (एक फाइल), पॅकेज (फाइलींचा गट) आणि सेशन (चाचण्यांची सर्व फेरी). चाचण्या हळू चालू लागल्या, की पहिला उपाय म्हणून फिक्स्चरची व्याप्ती फंक्शनवरून मॉड्यूलवर किंवा सेशनवर नेण्याकडे कल असतो. माझा अनुभव असा की जे महाग आहे आणि ज्याला कोणतीही चाचणी हात लावणार नाही, तेवढेच सामायिक ठेवावे. डेटाबेसचा सांगाडा, वाचण्यापुरत्या सेटिंग्ज, चालू केलेला ब्राउझर या गोष्टी त्यात बसतात. सभासद बसत नाही, कारण सभासदाचे खाते एखादी चाचणी गोठवणारच आणि पुढच्या चाचणीला ते गोठलेले मिळणारच. जँगोचा टेस्टकेस हा वर्ग प्रत्येक चाचणी ट्रॅन्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी ते मागे घेतो, त्यामुळे डेटाबेस स्वच्छ राहतो. पण पायथनच्या मेमरीत असलेला ऑब्जेक्ट रोलबॅकने पूर्ववत होत नाही. जँगो १.८ मध्ये पूर्ण वर्गासाठी एकदाच डेटा भरण्याची सोय आली, तेव्हा हीच अडचण होती. एका चाचणीने सभासदाचे नाव मेमरीत बदलले, की पुढच्या चाचणीला बदललेले नाव दिसे. ३.२ मध्ये प्रत्येक चाचणीला त्या ऑब्जेक्टची स्वतंत्र प्रत देण्याची व्यवस्था झाली. याच रोलबॅकचा आणखी एक परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. ट्रॅन्झॅक्शन कायम झाल्यावर करायची कामे, उदाहरणार्थ हप्ता जमा झाल्याचा संदेश पाठवणे, अशा चाचणीत कधी चालतच नाहीत, कारण ट्रॅन्झॅक्शन कधी कायम होतच नाही. तेही ३.२ पासून खास साधनाने पकडून चालवता येते. आणि चाचण्या एक्सडिस्ट या पायटेस्टच्या जोडसाधनाने अनेक प्रक्रियांमध्ये वाटून चालवल्या, तर सेशन व्याप्तीचे फिक्स्चर प्रत्येक प्रक्रियेत एकेकदा चालते. ‘संपूर्ण फेरीत एकदाच’ असा अर्थ धरून त्यात काही लिहिले असेल तर ते चुकते.

मांडलेले आवरणे हीदेखील साहाय्यक फंक्शनचीच जबाबदारी आहे. पायटेस्टच्या फिक्स्चरमध्ये यील्डच्या (जिथे थांबून चाचणी चालू दिली जाते त्या ओळीच्या) आधी मांडणी आणि नंतर आवराआवर लिहितात. चाचणी नापास झाली तरी यील्डनंतरचा भाग चालतो, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच फिक्स्चरमध्ये यील्डच्या आधीच चूक झाली, तर त्याची आवराआवर चालत नाही. समजा, एका फिक्स्चरने तात्पुरती फाइल बनवली, मग सर्व्हर सुरू केला, आणि तिसऱ्या पायरीवर ते कोसळले. फाइल आणि सर्व्हर दोन्ही मागे राहतात. म्हणून एका फिक्स्चरने एकच बदल घडवावा आणि तोच पूर्ववत करावा. अशी तीन लहान फिक्स्चर एकमेकांवर रचली, तर तिसरे कोसळल्यावर पायटेस्ट आधीची दोन उलट्या क्रमाने आवरून घेते. पायथनबरोबर येणाऱ्या युनिटटेस्ट या चाचणी-साधनातही हाच खड्डा आहे: सेटअपमध्ये चूक झाली तर टीअरडाउन बोलावले जात नाही, परंतु ॲडक्लीनअपने नोंदवलेली आवराआवर मात्र होते. गो भाषेत १.१४ आवृत्तीपासून चाचणीच्या ऑब्जेक्टवरच क्लीनअप नोंदवता येते आणि मला ती रचना फार आवडते, कारण जिथे वस्तू उभी केली, तिच्या पुढच्याच ओळीत ती आवरण्याची सोय लिहिता येते आणि बोलावणाऱ्या चाचणीला त्याची काळजी करावी लागत नाही.

साहाय्यक फंक्शन स्वतःच अडले तर काय व्हावे, याचाही आधी विचार करावा लागतो. सर्वांत वाईट म्हणजे ते गप्प बसून रिकामे मूल्य परत करते आणि चाचणी दहा ओळी पुढे कुठेतरी भलत्याच संदेशाने नापास होते. आमच्या फंक्शनांत वाटप यशस्वी झाले नाही, तर तिथेच, त्याच शब्दांत चूक फेकली जाते. पायटेस्ट फिक्स्चरमधल्या चुकीला ‘एरर’ म्हणते आणि चाचणीच्या अंगातल्या चुकीला ‘फेल्ड’. सकाळी अहवाल पाहताना हा भेद फार उपयोगी पडतो, कारण पहिल्याचा अर्थ मांडणी बिघडली असा असतो आणि दुसऱ्याचा अर्थ नियम बिघडला असा असण्याची शक्यता अधिक असते. पण साहाय्यक फंक्शन फिक्स्चर नसून चाचणीतून बोलावलेले साधे फंक्शन असेल, तर त्याची चूकही ‘फेल्ड’ म्हणूनच मोजली जाते. अशा वेळी संदेशाची सुरुवात ‘मांडणीत अडचण’ या शब्दांनी करण्याची पद्धत आम्ही पाडली आहे. चुकीची जागाही चाचणीतली दिसावी, साहाय्यक फंक्शनच्या पोटातली नव्हे. गोमध्ये १.९ पासून हेल्पर म्हणून एक ओळ लिहिली की नापास झाल्याची नोंद बोलावणाऱ्या ओळीवर पडते. पायटेस्टमध्ये ट्रेसबॅकहाइड नावाचे एक स्थानिक चल (फंक्शनपुरते मूल्य) ठेवून जवळपास तोच परिणाम साधतो.

न मागता आपोआप लागू होणाऱ्या फिक्स्चरला मी फक्त एकाच कामासाठी परवानगी देतो: पहारा. एकदा आमच्या चाचणीतून थकबाकीची सूचना एका खऱ्या मोबाइलवर गेली, कारण साहाय्यक फंक्शनने एका विकासकाचा खरा क्रमांक डीफॉल्ट म्हणून धरला होता आणि संदेश सेवेच्या चाव्या त्या यंत्रावर खऱ्याच होत्या. आता बाहेरचे जाळे बंद करणारे एक फिक्स्चर मुळातल्या कन्फटेस्ट या पायटेस्टच्या सामायिक फाइलमध्ये आहे आणि ते प्रत्येक चाचणीला लागू होते. त्याच फाइलमध्ये सभासद किंवा शाखा आपोआप बनवणारे काहीही ठेवलेले नाही. ठेवींची साहाय्यक फंक्शने ठेवींच्या चाचण्यांशेजारी राहतात, कर्जांची कर्जांशेजारी, आणि दोन-तीन ओळींची पुनरुक्ती असेल तर मी फंक्शन काढतच नाही. तिसऱ्यांदा त्याच ओळी लिहाव्या लागल्या आणि त्यांना नाव सुचले, तरच ते काढतो. नाव सुचत नसेल, तर त्या ओळी एकत्र राहण्याजोग्या नाहीत असे मी समजतो. ‘सर्व तयारी’ हे नाव मला सुचले होते, तेव्हाच हे ओळखायला हवे होते.

ते फंक्शन अजून पूर्णपणे गेलेले नाही. त्याला बोलावणाऱ्या जुन्या चाचण्या मी थोड्या थोड्या करून बदलतो आहे आणि प्रत्येक चाचणी बदलल्यावर एक गोष्ट न चुकता करतो: ती ज्या नियमासाठी लिहिली आहे तो नियम कोडमधून तात्पुरता काढून टाकतो, चाचणी चालवतो, ती योग्य कारण सांगून नापास होते आहे ना ते पाहतो आणि नियम परत जागेवर ठेवतो. गेल्या आठवड्यात सोने तारण कर्जाची एक चाचणी अशी बदलली. नियम काढला, तरी ती पासच राहिली. तिच्या मांडणीतल्या दागिन्याचे वजन शून्य ग्रॅम होते.